महादेवचा चौथा गिअर

महादेवच्या जुन्या जीपला पुढचे तीनच गिअर, हे त्याचं वर्षानुवर्षांचं दुखणं होतं. चिकूचे क्रेट भरून चढाला लागलं की दुसऱ्यात इंजिन बोंबलायचं आणि तिसऱ्यात मान टाकायचं. मध्ये एक गिअर हवा, हे त्याने डहाणूत इतक्यांना ऐकवलं होतं, की काही जण त्याला लांबून पाहूनच रस्ता बदलायचे.

तीस वर्षं त्याने उंबरगावच्या एका कारखान्यात लेथवर काढली. त्या गोंगाटाने कान अधू झाले. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, कानाची नसच कमजोर झालीय, वर्षभराने फारसं ऐकू येणार नाही.

दुसऱ्या दिवशी महादेवने वाडीतल्या शेडमध्ये चार गिअरचा गिअरबॉक्स करायला घेतला. लोक हसले. पण त्याची घाई खरी होती. गिअर बिनआवाज चालला तरच तो नीट बसला, आणि ते ऐकायचं स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सच्या पेटीवर टेकवून, मूठ कानाला लावून. स्वतःच्या हातचा गिअर त्याला एकदाच ऐकायचा होता. दुसरं काही मागणं नव्हतं बिचाऱ्याचं.

नुसती आकृती काढण्या-खोडण्यात चार महिने गेले. गिअरची पहिली जोडी भट्टीत वाकली, ती फेकून दुसरी केली. त्याची बायको आनंदी जेवायला हाक मारायची. हाका मोठ्या होत गेल्या, मग ती शेडपर्यंत येऊ लागली, मग नुसती खांद्याला हात लावू लागली.

फाल्गुनात गिअरबॉक्स जीपला बसला. स्क्रूड्रायव्हर कानाला लावून महादेव बराच वेळ वाकून राहिला, मग टोक हलवून पुन्हा कान लावला आणि शेवटी हात पुसायला गेला. आनंदीला घेऊन विवळवेढ्याच्या देवीला जायचं ठरलं.

चढावर त्याने नवा गिअर टाकला. जीप झकास चढली.

"आवाज कसा येतो गं?" त्याने विचारलं.

आनंदी त्याच्याकडे वळली. ओठ सावकाश हलवत म्हणाली, "आवाजच नाही. एकदम गप चाललीय."

पण महादेवचा तळवा गिअरच्या दांड्यावर होता. दांडा सारखा थरथरत होता आणि लेथवर मुरलेल्या त्या हाताला सगळं कळत होतं. गिअरचे दात दातांवर घासत होते. रस्त्याकडेची माणसं वळून बघत होती; एका बाईने तर कडेवरच्या पोराचे कान झाकले. उघडून पुन्हा जुळवायचा म्हटलं तर कान हवेत, आणि ते आता येणार नव्हते.

आनंदी अजून त्याच्या तोंडाकडे बघत होती. आपलं बोलणं त्याला खरं वाटलं की नाही, एवढंच तिला हवं होतं.

"मी म्हटलंच होतं," तो हसून म्हणाला, आणि सपाट रस्ता लागला तरी, दात झिजत असताना, विवळवेढ्यापर्यंत त्याने तो गिअर बदलला नाही.