वळणावरचा पांढरा टॉवेल

शारजाच्या विमानतळावर उतरले तेव्हा माझ्या बॅगेला वसईच्या किनाऱ्याचा वास येत होता. सुके बोंबील मी पिशवीत पिशवी घालून बांधले होते, वरून जुन्या साडीत गुंडाळले होते. पण बोंबलांनी कधी कुणाचं ऐकलंय! सामानाच्या पट्ट्यापाशी माझ्या आजूबाजूची माणसं हळूहळू लांब सरकली आणि मला बॅग उचलायला ऐसपैस जागा मिळाली. बाहेर माझा धाकटा भाऊ पास्कल उभा होता. त्याने आधी बॅगेचा वास घेतला, मग मला मिठी मारली, आणि त्याचे डोळे भरून आले. बहिणीसाठी की बोंबलांसाठी, ते मी विचारलं नाही.

खरं तर मी फिरायला आले नव्हते, मला बोलावून घेतलं होतं. पास्कलची बायको मारिना दुबईतल्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. तिने फोनवर गळ घातली होती की ताई, तुम्ही नर्स म्हणून हाडांच्या वॉर्डात जन्म काढलाय, तुम्हीच जेनिसला समजवा. जेनिस ही त्यांची एकुलती एक मुलगी, सतरा वर्षांची. हिला ल्यूजचं वेड लागलेलं. ल्यूज म्हणजे लहानशा घसरगाडीवर पाठीवर उताणं झोपायचं, पाय पुढे करायचे आणि बर्फाच्या वळणावळणाच्या घळीतून मोटारीच्या वेगाने खाली यायचं. ब्रेक नाही, स्टिअरिंग नाही, गाडी वळवायची ती पोटऱ्यांच्या दाबाने. आणि ही पोरगी राहते वाळवंटात! हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हाडांना असतं, हे मी तिला पहिल्याच दिवशी ऐकवायचं ठरवून आले होते.

शारजातलं त्यांचं घर नवव्या मजल्यावर. दुबईपेक्षा भाडं कमी म्हणून तिथे राहायचं आणि वाचलेला वेळ रस्त्यावरच्या ट्रॅफिकमध्ये घालवायचा, असा तिथला सगळ्यांचाच संसार. शारजा ताटासारखं सपाट. उतार म्हणून जो काही आहे तो इमारतीच्या पार्किंगच्या रॅम्पवर. दोन वर्षांपूर्वी शाळेत एका कोचने चाकं लावलेली घसरगाडी आणून दाखवली आणि तेव्हापासून जेनिस पहाटे त्या रॅम्पवर झोपून खाली यायला लागली, वॉचमनने हाकलेपर्यंत.

मी पोचले तेव्हा ती हॉलच्या फरशीवर उताणी पडली होती. डोळे मिटलेले, हात अंगाशी, पोटऱ्या कधी डावीकडे आवळायच्या तर कधी उजवीकडे. मारिना कुकर घेऊन तिला ओलांडून गेली, जणू ते रोजचंच. पास्कल कुजबुजला, ती रस्ता पाठ करतेय. या खेळात डोकं उचलून समोर बघायचं नसतं. डोकं उचललं की वारा अडतो, अंग हलतं, गाडी रेंगाळते. म्हणून सगळी वळणं आधी अंगात मुरवायची आणि नजरेच्या कडेने दिसेल तेवढ्यावर भागवायचं.

उठल्यावर तिने माझ्या पाया पडायच्या आधी मी तिचा खांदा चाचपला. गेल्या वर्षी पडून मोडलेल्या गळ्याच्या हाडावर, जुळून आलेल्या जागी, गाठ होती. चांगलं जुळलं होतं, कबूल करायला हवं. मी म्हटलं, दुखतं का? "ओन्ली व्हेन आय कॅरी द स्कूल बॅग, आत्या," ती वसईच्या सुकेळीचा (उन्हात वाळवलेल्या केळ्यांचा) तुकडा तोंडात टाकत म्हणाली. मी पाठ करून आणलेलं भाषण तिथेच अर्धं विसरले.

शनिवारी संध्याकाळीच चर्चमध्ये मिस्साला जाऊन आलो, कारण रविवारची सकाळ शर्यतीची होती. शर्यत लहानशीच, चाकांच्या घसरगाड्यांची. तीच ती कोच, इवा, मूळची लात्व्हियाची, तरुणपणी स्वतः ल्यूज खेळलेली, आता दुबईत शाळेत पीटी शिकवते. हिवाळ्यात ती या शर्यतीतल्या पहिल्या दोन मुलांना आपल्या देशात खऱ्या बर्फावरच्या शिबिराला नेणार होती. मुलं सहा. जेनिसने आजवर खरा बर्फ फक्त फ्रीजमध्ये पाहिलेला. सरावात ती कायम तिसरी यायची. म्हणजे अगदी दाराशी पोचून बाहेर राहणारी.

रास अल खैमाच्या डोंगरांकडे निघालो. मारिनाला ड्यूटी होती. तिने मुलीच्या कपाळावर क्रूस काढला आणि माझ्याकडे तक्रारीच्या नजरेने पाहिलं, कारण मी अजून काहीच समजावलं नव्हतं. वाटेत पास्कलने डावीकडे हात करून हमरिया फ्री झोन दाखवला. तिथल्या एका कंपनीत तो स्टोअर्स सांभाळतो. मग वाळू तांबूस झाली, कुंपणापलीकडे उंट दिसले, आणि एकाएकी समोर डोंगर उभे राहिले. झाड नाही, गवत नाही, नुसता दगड. आमच्या वसईच्या हिरव्यागार वाड्या पाहिलेल्या डोळ्यांना ते आधी भकास वाटले. पण ऊन वर आलं तसे ते दगड राखाडीचे जांभळे झाले, जांभळ्याचे गुलाबी झाले, आणि मी बोलायची थांबले. पास्कल म्हणाला, पहिल्यांदाच गप्प बसलेली बघतोय तुला.

जुना घाटरस्ता वाहतुकीला बंद होता. वळणांवर जुन्या टायरांच्या भिंती रचलेल्या. मुलं वरच्या टोकाला, इवा खाली घड्याळ आणि मोबाइल घेऊन. प्रत्येकाला दोनदा यायचं होतं, त्यातली चांगली वेळ धरणार. पास्कल मला तिसऱ्या वळणावर घेऊन गेला. तिथे तो हातात पांढरा टॉवेल घेऊन टायरांमागे उभा राहिला, आपली नेमलेली जागा असल्यासारखा.

आधी आवाज आला. डांबरावरून चाकांची घरघर. मग जेनिस आली, आणि खरं सांगते, माझी छाती अभिमानाने फुगली. रस्त्याला पाठ चिकटलेली, पायांची बोटं ताणलेली, सगळं अंग एका रेषेत. एवढ्या वेगात एवढं शांत माणूस मी कधी पाहिलं नव्हतं. पास्कलने टॉवेल हलवला. ती गेली.

खाली पोचलो तर ती पुन्हा तिसरी. पुन्हा अगदी थोडक्यात. इवाने पास्कलला बाजूला बोलावलं आणि मोबाइलवर दाखवलं. पहिलं वळण, दुसरं वळण, मान जमिनीला. तिसऱ्यावर पांढरा टॉवेल दिसायच्या क्षणी हनुवटी वर. टॉवेल मागे पडला, मान परत खाली. मागच्या महिन्याचं चित्रण दाखवलं, त्यातही तेच. इवा हळू आवाजात म्हणाली की मी तिला शंभरदा सांगितलं, पण आपण मान उचलतो हे तिलाच कळत नाही. तुम्ही तिथे उभे राहू नका.

पास्कल चिडला. तिच्यासमोर नाही, माझ्यासमोर.

"ताई, लास्ट इयर ती त्याच टायरांवर आदळली. मी खाली पार्किंगमध्ये ऑफिसच्या कॉलवर होतो. मी पोचेपर्यंत दुसऱ्यांनी तिला उचललं होतं. त्या दिवशी खलास, ठरवून टाकलं, ती जागा सोडायची नाही. आता ही बाई मला सांगते, हटो!"

मी त्याचा हात धरला. माझ्या वॉर्डातली रीत मला आठवली. ऑपरेशननंतर पेशंटला पहिल्यांदा चालवायचं असलं की आम्ही नातेवाइकांना दारात उभं राहू द्यायचो नाही. पाऊल टाकायच्या आधी पेशंट त्यांच्याकडे बघतो आणि तोल जातो. बिचाऱ्यांना आम्ही चहाला पाठवायचो.

"तू चहाला चल," मी म्हटलं. "पण तिला सांगून चल. नाहीतर ती तुला शोधायला मान उचलेल."

तो बराच वेळ टॉवेलच्या घड्या घालत राहिला. मग जेनिसकडे गेला. मीही गेले. ती हेल्मेट मांडीवर घेऊन बसली होती.

"जेनी, मी वळणावर नसणार. खाली कॅफेटेरियात चहा घेतोय. तू तिथे ये."

तिने बापाकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या टॉवेलकडे. सगळं समजलं असावं तिला. "ओके, डॅडी," ती म्हणाली. "ऑर्डर वन करक फॉर मी." करक म्हणजे तिथला घट्ट, वेलची घातलेला दुधाचा चहा.

कॅफेटेरिया एका मल्याळी माणसाचा, रस्ता जिथे खाली वादीला (पावसाळी ओढ्याच्या कोरड्या पात्राला) मिळतो तिथे. पास्कलने तीन करक सांगितले. एरवी मी लगेच दिरहमचे रुपये केले असते. त्या दिवशी तेही सुचलं नाही. त्याने जेनिसचा कागदी पेला पुढे ओढला, थंड होऊ नये म्हणून त्यावर तळहात झाकला, आणि डोंगराकडे पाठ करून बसला. वरून एकेक गाडी घरघरत येत होती. कुठली कुणाची, कसं कळणार? प्रत्येक आवाजाला त्याचा जबडा आवळत होता. मी मनातल्या मनात जपमाळ ओढत होते. भावाला इतकं भ्यालेलं मी फक्त एकदाच पाहिलं होतं, तो पहिल्यांदा गल्फला निघाला तेव्हा.

शेवटची घरघर थांबली. बराच वेळ कुणी आलं नाही. तो उठला नाही, हे त्याचं मोठेपण.

मग ती दारात आली. हेल्मेट काखेत, कोपर खरचटलेलं, चेहऱ्यावर धूळ. मागे इवा होती आणि ती बोटांनी दोनचा आकडा दाखवत होती. जेनिस बापासमोर बसली. तेव्हा कुठे त्याने पेल्यावरचा हात काढला. चहा अजून कोमट होता. ती एका घोटात प्यायली.

"मी नाही बघितलं, डॅडी," ती चक्क मराठीत म्हणाली.

"मी पण नाही," पास्कल म्हणाला, आणि टॉवेलात तोंड खुपसून रडला. मग मीही रडले. चहावाल्याने न विचारता आणखी चहा आणून ठेवला.

त्या संध्याकाळी मी मारिनाला सांगितलं की तुझ्या मुलीला समजवायला मला जमलं नाही, उलट तिनेच मला समजावलं. मारिना रागावली, मग हसली, मग बर्फात घालायचे मोजे कुठे मिळतात ते फोनवर शोधायला लागली. तिच्या काळजीवर माझ्याकडे औषध नव्हतं. ती काळजी खरी आहे, हाडं खरंच मोडतात. पण हॉलच्या फरशीवर डोळे मिटून डोंगर उतरणाऱ्या पोरीला मी कुठल्या तोंडाने थांबवणार होते?

परतीच्या दिवशी तिघंही सोडायला आले. आम्हा वसईकरांची निरोपाची रीत ठरलेली. दोन पावलं जायचं, वळायचं, हात हलवायचा. पुन्हा दोन पावलं. मी पहिल्यांदा वळले तशी जेनिस ओरडली, "आत्या, हेड डाऊन!" लोक बघायला लागले. मी मान ताठ केली आणि निघाले. तपासणीच्या काउंटरपर्यंत वळले नाही. तिथे पासपोर्ट काढताना मनात आलं, मी कुठे शर्यतीत आहे? मला कुठला बर्फ गाठायचाय?

मी वळले. काचेपलीकडे, गर्दीच्या डोक्यांवर, पांढरा टॉवेल हलत होता. मी तिथेच उभी राहिले आणि पोटभर बघून घेतलं.