आधी कुठली भयकथा वाचावी

मुरबाडच्या वाचनालयातून मी जुन्या विलायती भयकथांचं जाडजूड भाषांतर घरी आणलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच बायकोनं माझ्या पुस्तकाला हात लावला. "अवो, यातली आधी कुठली वाचू?"

शहाण्या माणसानं शेवटची, चार-पाच पानांची कथा काढून दिली असती. बाई घरात एकटी आणि माळ्यावर कुणीतरी चालतंय, एवढंच तिच्यात होतं, पण ती वाचताना माझीच पाचावर धारण बसली होती. नेमका तेव्हा माझ्यातला न झालेला प्राध्यापक जागा झाला. म्हटलं, "सगळ्यात जुनी आधी वाच, म्हणजे पुढच्या कळतील."

त्या जुन्या कथेत पानंच्या पानं नुसती हवेली होती. भूत काही येईना. कुकर लावून वाचत बसलेली बायको मध्येच म्हणाली, "एवढ्या खोल्या नि माणसं दोन. झाडू कोण मारतं ओ?"

तिथं हसायचं सोडून मी हवेली कशाचं प्रतीक आहे ते सांगत सुटलो. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, तरी माझं चालूच. तिनं पुस्तक मिटलं.

दोघांनी मिळून एकदा तरी दचकावं, एवढीच माझी हौस होती. परवा तेच पुस्तक पुन्हा आणलं, ती छोटी कथा उघडून तिच्यापुढं ठेवली.

"नाय बा," ती म्हणाली. "वाचली का तुमी समजावनार. तुमीच वाचा, मी भाजी निवडते."

मी मुकाट्यानं वाचत बसलो. मोठ्यानं वाचू का, हे विचारायची काही छाती झाली नाही.