नऊच्या गाडीतला ओला रुमाल

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तेव्हा वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा... पण हे घडलंय, आणि भरदिवसा घडलंय.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. नव्या कचेरीत मी टायपिस्ट होते — तात्पुरती. कायमचा हुकूम निघेपर्यंत एकही खाडा चालणार नाही, असं साहेबांनी बजावलं होतं. मला सातवा महिना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, उभ्याने प्रवास केलास तर बाळाची खात्री देत नाही. म्हणजे रेणापूरहून नऊच्या गाडीत बसायला जागा मिळाली, तरच नोकरी आणि बाळ दोन्ही!

आणि ती गाडी! नऊची म्हणायची, यायची साडेनऊला. पाटी एका गावाची, जाणार भलतीकडेच. स्टँडवर न थांबता पन्नास पावलं पुढे जाऊन थांबायची, मग आम्ही सगळे मागून पळत. जागा धरायची रीत एकच — खिडकीतून रुमाल टाकायचा. कुणी दांडगोबाने तो उचलला नाही, तर जागा आपली.

एके दिवशी मी चढेपर्यंत एक पटकेवाले मामा माझ्या जागेशी उभे.

"रुमालावर काय सातबारा हाय व्हय तुजा?" म्हणत त्यांनी रुमाल उचलला आणि दचकून सोडून दिला. रुमाल चिंब भिजलेला! पाणी टपटप गळत होतं.

"येवढं गार पाणी कुठनं आणलंस गं पोरी?"

मी कुठून आणणार? दुष्काळ होता, टँकर आठवड्यातून एकदा यायचा. मी घडी घातलेला कोरडा रुमाल टाकला होता. कंडक्टरने टप पाहिला, खिडकी पाहिली. कुणाची कळशी सांडली नव्हती. रुमालाखालची सीटसुद्धा ठणठणीत कोरडी. मामा बाजूला झाले, मी बसले.

मग रोज तेच. शेजारचे रुमाल कोरडे, माझा ओला. त्याला हात लावायची कुणाची छाती होईना. भीती मलाही वाटायची, खोटं कशाला बोलू? पण उठले नाही.

सासूबाईंच्या कानावर गेलंच. "बाहेरचं हाय हे. नोकरी सोड, लई झालं."

"न्हाई सोडणार, आत्याबाई."

हुकूम हातात पडला. पुढे मुलगी झाली, चांगली धडधाकट. पाण्याचं म्हणाल तर दिराने वाफेचं काहीतरी शास्त्र सांगून पाहिलं, मला पटलं नाही. मला स्वतःलाही आजवर काही सुचलेलं नाही.

बारशाच्या दिवशी सासूबाई माझ्यावरून उतरवायला लिंबू घेऊन आल्या. मी म्हणाले, "आत्याबाई, भरल्या गाडीत मला जागा द्यायला एक माणूस उठला नाही. ज्याने बसवून नेलं, त्यालाच हाकलू?"

लिंबू त्यांच्या हातातून घेतलं, कापलं, आणि सरबत करून त्यांच्यासमोर प्याले.