यशोदेच्या पायांवरचं कढत पाणी

यशोदा कट्टा गावची, मालवणात दिलेली. चालायला अशी, की बाजाराला तिच्यासोबत निघालेल्या बाया अर्ध्या वाटेत दम खायला बसायच्या. ही सून नव्हे, वारा आहे, असं सासू रुक्मिणी कौतुकाने सांगायची. मेलं, दृष्टच लागली म्हणायची त्या पायांना.

छप्पन साली आधी उजवा डोळा गेला. समोर नुसतं धुकं. रुक्मिणीने देवळात गाऱ्हाणं घातलं, कोंबडा दिला, आणि महिन्याभरात डोळा निवळला. झालं! देव पावला. त्यामुळे दोन वर्षांनी पाय जड आणि बधिर पडू लागले, तेव्हा डॉक्टर कोणाला आठवणार? पुन्हा कौल लावला. या खेपेला बाधा निघाली. निर्गुडीचा पाला उकळून कढत पाण्याने न्हाऊ घाला, असं ठरलं.

घाईही होती. नवरा सत्यवान मुंबईला गोदीत. लग्नाला सात वर्षं झाली तरी संसार काय तो सुट्टीपुरता. आता त्याला खोली मिळाली होती आणि मे महिन्यात तो यशोदेला न्यायला येणार होता. पण होडीतून मुंबईच्या बोटीवर चढायचं तर पायांत बळ नको?

रुक्मिणीने कंबर कसली. रोज सकाळी पाणी उकळायची, सुनेला न्हाऊ घालायची. न्हाणं झालं की यशोदेचे पाय लुळे पडत, डोळ्यांपुढे पुन्हा धुकं येई. दुपार कलली की जरा सावरे. पाण्यानेच पाय जातात, असं तिने सासूला सांगूनही पाहिलं. शेजारची जानकी म्हणाली, ती कुठे बोलते, बाधा बोलते. औषध लागू पडतंय म्हणून तडफडते. रुक्मिणीने पाणी आणखी तापवलं. बाई वाईट नव्हती हो. सुनेवर जीव होता, तोच नडला.

सत्यवानाची बोट लागायच्या दिवशी तिने सुनेचे पाय घंगाळात ठेवले आणि वरून तांब्या ओतू लागली.

"भाजता काय गो?"

"नाय," यशोदा म्हणाली. खरंच तिला काही लागत नव्हतं. पाय बाहेर काढले तेव्हा कातडी सोलून निघाली.

सत्यवान आला तो तिला उचलून थेट वेंगुर्ल्याच्या इस्पितळात घेऊन गेला. रुक्मिणीही सोबत गेली. तिथल्या डॉक्टरांनी सुई टोचून पाहिली, जुन्या डोळ्याचंही विचारलं. म्हणाले, नसांवरचं आवरण झिजतंय. डोळ्याचं दुखणंही त्यातलंच, आपोआप ओसरतं आणि परत येतं. हे कशाने होतं ते नक्की कोणालाच ठाऊक नाही. कुठल्याशा जंतूंचं विष नसांपर्यंत पोचत असावं, असा काहींचा नुसता संशय आहे. औषध नाही. उष्णतेने मात्र अशा रोग्याची उरलीसुरली ताकदही तेवढ्यापुरती जाते.

"म्हणजे माज्या पाण्यान?" रुक्मिणीने विचारलं.

"रोग पाण्याने झालेला नाही," डॉक्टर म्हणाले. मग ते भाजलेल्या पायांवर पट्ट्या बांधायला लागले.

रजा संपली आणि सत्यवान एकटाच बोटीवर चढला. पावसाळ्यात जखमा भरल्या, पाय काही परतले नाहीत. रुक्मिणी न्हाणीकडे फिरकेनाशी झाली. सुनेला आंघोळ घालायला तिने जानकीला सांगितलं. एके सकाळी यशोदेने जानकीला माघारी धाडलं आणि सासूला हाक मारली.

"आये, माका ऊन-थंड कळणा नाय. तुमीच पाण्यात हात घालून बगा. तुमच्याइतक्या भिऊन दुसरो कोण बघूचो नाय."

रुक्मिणी रडत रडत उठली आणि कळशी घेऊन विहिरीवर गेली.