दहातून आठ

कप्तान भाऊजी कोणत्याही प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर देत नसत. नागपूरची दोनची बस येईल का, असं सासूबाईंनी विचारलं तर म्हणत, "सहातून चारदा येते." भाजी खारट तर झाली नाही ना, असं मी विचारलं तर म्हणत, "तुमची बारातून एकदा होते, वहिनी. आज ते एकदा नाही." सासूबाई चिडत. "सिधं बोलता येत नाही काय रे तुले?" त्यावर ते हसून म्हणत, "हेच सिधं आहे, आई. पक्कं हो म्हणणारा माणूस खोटं बोलते."

ते माझे धाकटे दीर. फौजेत ते कधीच नव्हते. भरतीच्या वेळी छाती दोन बोटं कमी भरली म्हणून ते सौंसरला परत आले आणि गणिताची शिकवणी घेऊ लागले. लग्न केलं नाही. कप्तान हे नाव गल्लीनं ठेवलं ते त्यांच्या खोलीतल्या फौजेमुळे. नळाच्या जोडाला लावतात त्या एम-सीलचे, अर्ध्या अंगठ्याएवढे शिपाई ते स्वतः घडवत. निळी फौज त्यांनी रंगवली, लाल फौज मी माझ्या नेलपॉलिशनं रंगवली. प्लायवूडच्या फळीवर संत्र्याच्या वाळलेल्या साली उपड्या घातल्या की टेकड्या होत. नियम त्यांनी मोबाइलवर वाचून मराठीत एका वहीत उतरवले होते. आमचे हे म्हणत, "पांढुर्ण्यात खरी गोटमार होते, दोन गावं एकमेकायवर दगड फेकतात, ते पाहून याचं पोट नाही भरत. हा फाशांची खेळून राहिला."

त्यांच्याशी खेळायला दर रविवारी पांढुर्ण्याहून एक मित्र येत असे. त्याची बदली झाली तेव्हा त्यांनी लाल फौज माझ्यापुढे ठेवली. मी लोधीखेड्याला चौथीपर्यंत शिकले, त्यानंतर कापूस वेचायला जाऊ लागले. सासरी मी मान खाली घालून वावरत असे, चार माणसांत माझा आवाज फुटत नसे. "मले नाही जमणार, भाऊजी," मी म्हणाले. "सहातून तीनदा जमन," ते म्हणाले. "तेवढं पुरे."

हिसाब त्यांनी असा समजावला. माझे बारा शिपाई गोळी झाडतात, म्हणून बारा फासे टाकायचे. चार, पाच किंवा सहा पडला तर गोळी लागली. म्हणजे बारातून सहा लागतात. ते सहा फासे पुन्हा टाकायचे, आता पाच किंवा सहा पडला तरच जखम. सहातून दोन. मग ज्याला जखम झाली त्याची ढाल, ती अर्ध्या वेळा वाचवते. राहिला एक. मी म्हणाले, "बारा जण गोळी मारतात अन् मरते एकच?" ते म्हणाले, "हाव. अन् तोही मरनच असं नाही. कधी तीन मरतात, कधी एकही नाही. पण हजारदा खेळलो तर एकाच्या आसपासच येते." लढाई इतकी गरीब असते हे मला माहीत नव्हतं.

मला कळत नाही असं मी म्हणाले की त्यांना राग येई. "वावरात सरकी टोबता तेव्हा एका जागी दोन बिया काऊन टाकता?" एकदा त्यांनी विचारलं. मी म्हणाले, एक नाही उगवली तर दुसरी उगवते. "एक बी दहातून दोनदा मरते असं धरा. दोन्ही मरतात शंभरातून चारदा. हे तुमाले हातानं येते, फक्त तोंडानं येत नाही." माझ्या हातांना काही येतं, असं त्याआधी मला कोणी म्हणालं नव्हतं.

मी हरू लागले की माझा तोल जाई. पाच वेळा सहा आला नाही, आता तर येईलच, असं म्हणून मी सगळी फौज पुढे काढत असे. ते डोक्याला हात लावत. "फाशाले डोकं नाही, वहिनी. मागचं त्याले आठवत नाही. तुमच्यावर दया करायले तो काय तुमचा भाऊ आहे?" स्वतः मात्र हल्ल्याआधी दोन मिनिटं डोळे मिटून बसत. त्यांचं एक बोलणं मी कितीतरी वेळा ऐकलं. "हिसाब पाहून हरलो तर दुःख नाही. न पाहता हरलो तर माणूस जन्मभर स्वतःले खाते."

गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्यांचं जेवण तुटलं. डोळे पिवळे झाले. नागपूरला नेलं. भाऊजी आत मशीनखाली होते, तेव्हा डॉक्टरांनी ह्यांना आणि सासूबाईंना खोलीत बोलावलं. मी पिशवी घेऊन दाराशी उभी होते. दार नीट लागलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन अवघड आहे, केलं तर दहातून एखादा वाचतो. नाही केलं तर कोणीच नाही, दोन-तीन महिने. पंधरा दिवसांत सांगा, त्यानंतर तेही करता येणार नाही.

परतीच्या बसमध्ये भाऊजी खिडकीला डोकं टेकून झोपले होते. हे हळू आवाजात म्हणाले, "दहातला एक म्हणजे नाहीच न! कापाकापी करून मारायचा काय त्याले?" सासूबाई पदरात तोंड घालून बसल्या होत्या. "त्याले सांगू नको रे. आजच हातपाय गाळन." हे माझ्याकडे वळले. "तूही तोंड उघडू नको." तोंड न उघडणं मला जमत होतंच. घरी आल्यावर त्यांना सांगितलं की पोटात साधी गाठ आहे, गोळ्यांनी विरघळेल.

आता त्यांना बसवत नव्हतं. ते खाटेवर पडून असत आणि फळी मी खाली जमिनीवर मांडत असे. दोन्ही फौजांचे फासे मीच ताटात टाकायचे आणि काय पडलं ते वर सांगायचं. पहिल्याच दुपारी त्यांचे निळे शिपाई पटापट मरू लागले. मला ते पाहवेना. त्यांच्या दोनाला मी सहा म्हणाले, माझ्या सहाला तीन. ते जिंकू लागले. मला वाटलं, जिंकून माणसाला दोन घास जास्त जातील.

पाचव्या दुपारी मी फासे उचलले, तर ते म्हणाले, "थांबा, वहिनी. चार दिवसांत तुमचे दीडशे फासे पडले. त्यात सहा किती आले, सांगू? नऊ. पंचवीसच्या आसपास पायजेत. माझ्या दीडशेत एक्केचाळीस. फासे तेच, ताट तेच." मी फासे ताटात परत ठेवले. "असं आपोआप पडायले आपल्याले सात जन्म खेळावं लागन. काऊन केलं?"

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाले, "फाशात खोटं बोलणार नाही म्हणा."

"नाही बोलणार."

"शपथ?"

"तुमची शपथ, भाऊजी."

"मग एक खरं सांगा. दादा मले पाहून नजर चोरते. आई देवापुढून उठत नाही. तुम्ही दाराशी उभ्या होत्या. डॉक्टरनं दहातून किती सांगितले?"

घरात त्या वेळी कोणी नव्हतं. हे मंडीत गेले होते, सासूबाई देवळात. माझं बोलणं ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून दोष द्यायलाही मला दुसरं कोणी नाही. ते कोपरावर उठून माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या मानेची शीर उडत होती. मी म्हणाले, "आठ."

"गोळ्यांनी?"

"हाव. गोळ्यांनी."

"अन् ऑपरेशनचं?"

"त्याचं काही बोलले नाही."

ते हळूच उशीवर टेकले. इतक्या दिवसांत त्यांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. "मी उद्या डॉक्टरले फोन लावणार होतो," ते म्हणाले. "ऑपरेशनचं विचारायचं होतं. दहातून आठ गोळ्यांनी बरे होत असतील, तर पोट फाडून घेणारा येडाच." नुकतीच पकडली गेलेली बाई लगेच पुन्हा खोटं बोलणार नाही, असा त्यांनी हिसाब केला असेल. तो हिसाब चुकीचा नव्हता. मीच तशी निघाले. पंधरातले तेव्हा सहा दिवस बाकी होते.

त्या सहा दिवसांत मी रोज ठरवलं की आज सांगू. रोज दुपारी फळी मांडली. मी खरे आकडे सांगत होते आणि ते हरत होते, आणि हरल्यावर खूश होऊन म्हणत, "आता बरोबर पडून राहिले." पंधरावा दिवसही असाच गेला. त्या दिवशी त्यांनी अर्धी भाकर खाल्ली.

नंतर खेळणं संपलं. पाय सुजले, पोट वर आलं. संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी मी त्यांचे ओठ ओल्या कापडानं पुसत होते, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. आवाज फार बारीक झाला होता, मला कान जवळ न्यावा लागला.

"वहिनी, तुम्ही मनाले लावून घेऊ नका. आठ म्हणजे दहा नाही. दोघायले तर त्या दोनात यावंच लागते न. मी त्यात आलो."

मी दुसऱ्या हातानं कापड पुन्हा ओलं केलं.

"हिसाब पाहून हरलो," ते म्हणाले. "दुःख नाही."

तेव्हाही मला सांगता आलं असतं. डॉक्टरांनी दहातला एक दिला होता, आणि तो घ्यायचा की नाही हे त्यांनी ठरवायचं होतं. मी तो त्यांना पाहूही दिला नाही. पण त्यांनी डोळे मिटले होते आणि चेहऱ्यावर समाधान होतं. मी नुसती मान हलवली. ते दुपारी गेले.

हे मागून आले तेव्हा मी तशीच कापड हातात धरून बसले होते. "काय म्हणत होता सकाळी?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "पाणी मागत होते."