पांढऱ्या लोकरीची धूळ

प्रयोगशाळेत तिला सगळे उंदीरमावशी म्हणत. पिंजऱ्यातला भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि एकेका उंदराला नळीत असं बसवायचं की नाक तेवढं पुढे राहील, हे तिचं काम. नळीपुढच्या हवेत भट्टीच्या अस्तराच्या खनिज लोकरीचे बारीक तंतू सोडत. वर्षानुवर्षं ते छातीत गेले तर काय होतं, हे प्रयोग चालवणाऱ्या मोठ्या बाईंना बघायचं होतं.

तंतूंचं पोतं पहिल्यांदा उघडलं तेव्हा मावशीनं ते लगेच ओळखले. पांढरी, चमकणारी लोकर. हीच लोकर ती रोज नवऱ्याच्या सदऱ्यावरून झटकत आली होती. तो कारखान्यांच्या भट्ट्यांना आतून अस्तर लावायचा.

"बाई, माणसांनाही यानं काही होतं का हो?"

"तेच तर शोधतोय, मावशी. प्रयोग संपेपर्यंत काही सांगता यायचं नाही."

घरी तिनं विषय काढला, तर नवरा हसला. "तुझ्या उंदरांना सांग, काम सोडा म्हणावं."

"चेष्टा पुरे. तोंडाला फडकं तरी बांधा."

"भट्टीत उतरून बघ एकदा. फडक्यानं जीव कोंडतो."

तरी तिनं जुन्या चादरीची दुपदरी फडकी शिवून दिली. ती त्याच्या गळ्यात लोंबतच घरी यायची.

पुढच्या वर्षी उंदीर धापा टाकू लागले. सगळे नाही, काही अगदी टुणटुणीत होते. त्यांच्याकडे बघून ती मनाची समजूत घालायची. इकडे नवरा जिना चढताना मध्येच थांबे आणि चपलेचा पट्टा नीट करत असल्याचं दाखवी. तीही काही न दिसल्यासारखी पुढे जाई.

प्रयोग संपला. पिंजरे चिरफाडीच्या खोलीत तिनंच नेऊन दिले. मग बाईंना गाठलं.

"बऱ्याच उंदरांच्या फुप्फुसात वण निघाले," बाई म्हणाल्या.

"त्यावर औषध?"

"ते या प्रयोगात नव्हतं, मावशी."

तिनं नवऱ्याला ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला. छाती आतून आवळत चाललीय, म्हणाले. गेलेलं परत येणार नाही. कशानं, ते मात्र छातीठोकपणे सांगता येत नाही.

त्याचं काम सुटलं. आता तो उशांना टेकून बसूनच झोपतो. तिला नोकरी सोडावीशी वाटते, पण मग घर कशावर चालायचं?

परवा ती निघताना त्यानं विचारलं, "आता काय हुंगवताय त्यांना?"

"दुसरी लोकर आलीय. कमी त्रासाची आहे म्हणतात."

"बरं झालं," तो म्हणाला. दम परत यायला थोडा वेळ गेला. "ती मागची उशी जरा वर सरकव."