भिंगऱ्या एडक्याची अब्रू

केमकडचा बिरप्पा धनगर मेंढरं घेऊन सोलापुरात शिरला, की पेठेतला रस्ता आपोआप रुंद व्हायचा. कळपाच्या पुढे भिंगऱ्या नावाचा एडका असायचा.

एकदा रुद्रप्पा वाणी पोतं उचलायला दुकानापुढे वाकला. खाली झुकलेलं डोकं म्हणजे टकरीचं आमंत्रण, अशी भिंगऱ्याची समजूत. रुद्रप्पाचा खांदा निखळला आणि त्याने भरपाईचा दावा लावला.

बिरप्पाचे वकील म्हणाले, "जनावराची खोड मालकाला आधी ठाऊक असेल, तर नुकसान मालकाच्या माथी. ठाऊक नसेल, तर सुटलास. 'हा मारतो हे मला माहीत नव्हतं', एवढंच बोल. नाहीतर दहा-बारा मेंढरं विकावी लागतील."

बिरप्पाने चार दिवस मेंढरांपुढे ते वाक्य घोकलं. मेंढरांनी हरकत घेतली नाही.

कोर्टातही तो ते बिनचूक बोलला. मग रुद्रप्पाचे वकील सहज म्हणाले, "म्हणजे गरीबच एडका. टकरीच्या काही कामाचा नाही."

बिरप्पा जरा वेळ खिडकीकडे बघत राहिला.

"सायेब, माळशिरसच्या जत्रंत सात एडकं पळवून लावल्यात त्यानं. आटवा तर मैदानातच आला न्हाय."

मुन्सफांनी ते लिहून घेतलं. दावा रुद्रप्पाच्या बाजूने लागला आणि बारा मेंढरं गेली.

बाहेर लिंबाखाली बिरप्पाची बायको मायाक्का भिंगऱ्याचं दावं धरून बसली होती. "एक वाक्य पाठ केलं हुतं, तेवड्यावर थांबायचं की," ती म्हणाली.

"खिडकी उगडी हुती," बिरप्पा म्हणाला. "ह्यो ऐकत हुता."